खुर्शीदबीच्या जिभेचा रोजा

धारूरात किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला मौलासाबचं गादीघर आहे. खाली कापूस पिंजायची मशीन आणि गाद्यांची थप्पी, वर राहायच्या खोल्या, त्यावर गच्ची. पाटीवर नाव मौलासाबचं असलं तरी घराची खरी मुखत्यार त्याची बायको खुर्शीदबी. तिनं जाणती झाल्यापासून एक रोजा बुडवला नव्हता. बाळंतपणात राहिलेले रोजेसुद्धा पुढं थंडीच्या दिवसांत एकेक करून फेडले होते. तसाच, टोमणा मारायचा मोकाही तिनं कधी बुडवला नव्हता.

भाजीवाल्याच्या टोपलीत हात घालून ती विचारायची, "भेंडी हाय का मांडवाचे बांबू?" शेजारच्या छबुबाईनं नवी साडी नेसून फिरून दाखवली, तर हिनं पदर बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "कापड लई चांगलं हाय छबू. पडदे कावून न्हाई शिवले?" भाच्याच्या निकाहात नवरदेवाला बघून भरल्या मांडवात तिनं सांगितलं होतं, "पोरगा गुणाचा दिसतो. कुणीतरी उठवा आता त्याला." माणसं दोन दिवस रागवायची, तिसऱ्या दिवशी तोच टोमणा हसत हसत दुसऱ्याला सांगायची. त्यामुळं खुर्शीदबीचं कुणाशी कायमचं तुटलं नव्हतं, आणि तिचं तोंडही कधी बंद पडलं नव्हतं.

ते बंद पडायला मौलासाब कारण झाला.

रमजानचा चाँद दिसला त्या संध्याकाळी घरात पाहुणे जमले होते. खुर्शीदबी रंगात येऊन एका मावसदिराची गोष्ट सांगत होती, की तो रोज्याच्या दिवशी घडीघडीला वजू करायला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड धुवायला, कसा जातो आणि दर वेळी त्याच्या मिशा कशा ओल्या आणि चेहरा कसा टवटवीत होतो. सगळे हसत होते. मौलासाब तक्क्याला टेकून सुपारी कातरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "खुर्शीद, पोटाचा रोजा तुला जमतो. जिभेचा एखादा ठेवून बघ की. पूर्ण नको, दुपारपर्यंतच."

आता हशा उलटा तिच्यावर आला. त्यात सगळ्यात मोठा आवाज भिंतीपलीकडून, छबुबाईचा. खुर्शीदबीचे कान तापले.

"एखादा कावून?" ती म्हणाली. "सगळा महिना ठेवते. दिवसा न्हाई, रातीबी न्हाई. कुणाला टोचून एक शब्द बोलले तर नाव बदला माझं."

"नवं नाव काय ठेवायचं, तेबी तूच सांग. आमी ठेवलेलं तुला पटायचं न्हाई," मौलासाब म्हणाला. खुर्शीदबीच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. तिनं ते गिळलं. रोजा तिथूनच सुरू झाला, पण तिचं बोलणं कुणीच खरं धरलं नाही.

पहिल्या दिवशी इफ्तारला सुनेनं भजी तळली. सून निखत गेवराईची, हिवाळ्यात लग्न होऊन आलेली, सासरचा हा तिचा पहिलाच रमजान. सासूनं बोल लावला तेव्हा ती गच्चीवर होती, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं पातळ रस्सा केला होता, तेव्हा खुर्शीदबी म्हणाली होती, "तुमच्या गावाला गोदावरी हाय, मान्य. पण सगळी पातेल्यात ओतायची का?" निखत ओढणीत तोंड घालून हसली होती आणि दुसऱ्या दिवशी रस्सा असा दाट केला होता, की त्यात पळी उभी राहावी. दोघींचं तसं चाललं होतं. सासूनं टोचावं, सुनेनं हसावं आणि शिकावं.

तर ती भजी. वरून सोनेरी, आतून कच्चं पीठ. खुर्शीदबीनं एक तोंडात घातलं आणि खजुराबरोबर कसंबसं खाली उतरवलं.

"अम्मी, कशी झाली?" निखतनं विचारलं.

डोक्यात चार वाक्यं रांग लावून उभी राहिली. खुर्शीदबीनं चौघांनाही परत पाठवलं आणि म्हणाली, "अल्लाचा शुक्र हाय."

तेव्हापासून तिला हे उत्तर सापडलं. भाजीत मीठ जास्त पडलं, अल्लाचा शुक्र. पोरानं, निखतच्या नवऱ्यानं मुदस्सरनं, नव्या गादीवर ऑइलचा डबा सांडला, अल्लाचा शुक्र. मौलासाबनं बोहऱ्याच्या दुकानातून तिनं सांगितलेल्या शेवयांऐवजी भलत्याच जाड शेवया आणल्या, तर तिनं पुडा हातात घेतला, डोळे मिटले आणि शुक्र अदा केला.

पहिले काही दिवस गल्लीला चैन पडली. मग चैन पडेना. छबुबाईची जुनी खोड अशी, की अंगण धुवायची आणि चिखलाचा लोट खुर्शीदबीच्या दारात सोडायची. यावर दोघींचं भांडण इतकं ठरलेलं होतं, की समोरचा किराणावाला त्यावर आपलं दुकान उघडायची वेळ धरायचा. एका सकाळी छबुबाईनं मुद्दाम नळ मोठा सोडला. पाणी खुर्शीदबीच्या उंबऱ्याला लागलं. खुर्शीदबी दारात आली, पाण्याकडं बघितलं आणि म्हणाली, "राहू दे छबू. पाणीच हाय."

छबुबाईनं घाबरून नळ बंद केला. खराटा घेऊन स्वतः येऊन चिखल लोटला आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "जीभ काढ बरं बाहीर."

"कावून?"

"माझा चुलतसासरा लकवा मारायच्या आधी असाच गरीब झालता. जीभ वाकडी पडती का बघू दे."

खुर्शीदबीनं जीभ काढून दाखवली. सरळ होती. छबुबाईचं समाधान झालं नाही. "डॉक्टरला दाखव. बीपी मोजून घे," असं बजावून ती गेली आणि तेव्हापासून तिचं चिखलाचं पाणी गपगुमान गटारीला जाऊ लागलं.

मौलासाबची तर रयाच गेली. इतकी वर्षं दुपारच्या डुलकीतून तो बायकोच्या आवाजानं जागा व्हायचा. "गादीवाल्याच्या घरी गादीच चालती, दुकान न्हाई," असं काहीतरी कानावर पडलं की उठायचा. आता कुणी काही म्हणेना. तो तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत झोपून राहायचा आणि गिऱ्हाइकं परत जायची. शेवटी तोच म्हणाला, "बस झालं की आता. कायतरी बोल."

खुर्शीदबी नुसती हसली. ते हसू मौलासाबला लई जड गेलं.

बाहेरून एवढी शांत दिसणारी खुर्शीदबी आतून मात्र बरणीसारखी भरत चालली होती. टोमणे येणं काही थांबलं नव्हतं, फक्त निघत नव्हते. एकदा तर नमाजेत, सजद्यात डोकं टेकलेलं असताना, पुढच्या रांगेतल्या बाईच्या मोज्याच्या भोकाबद्दल असं काही सुचलं, की तिचे खांदे हलायला लागले. तिनं मनातल्या मनात तौबा केली. वाक्य मात्र टाकून दिलं नाही. ईदनंतरसाठी ठेवलं.

असा महिना सरत आला, आणि शेवटचा रोजा नेमका पाडव्याला आला.

सकाळीच छबुबाईच्या दारात गुढी उभी राहिली. तांब्या चकचकीत, साखरेची गाठी, कडुनिंबाची डहाळी. दुपारी छबुबाई झाकलेलं ताट घेऊन आली. "पुरणपोळ्या हायत. रोजा सोडताना खा." मग पदराआडून कडुनिंबाची चार पानं काढून तिनं ताटाच्या कडेला ठेवली. "आन् हा पाला तुझ्या जिभेला. गंज चढला असंल."

खुर्शीदबीनं ताट घेतलं. "तुझ्या हाताला बरकत हाय, छबू," एवढंच म्हणाली. छबुबाई खाली मान घालून परत गेली, जशी काही हिनं शिवी दिली.

ऊन मी म्हणत होतं. घरात सगळे आडवे झाले होते. खुर्शीदबी खिडकीशी बसून शीरखुर्म्यासाठी खोबऱ्याचे काप करत होती, शेजारी वाटीत चारोळ्या भिजत होत्या. शेवटच्या रोज्याला दर वर्षी तिचं मन असंच व्हायचं. रमजान तिला घरी येऊन राहिलेल्या बुजुर्ग पाहुण्यासारखा वाटायचा. त्याच्यासाठी आंधारात उठा, त्याच्या वेळा सांभाळा, घसा कोरडा पडला तरी हूं की चूं करू नका. महिनाभर माणूस दमून जातो. आणि पाहुण्यानं पिशवी उचलली की गळा भरून येतो. पुढच्या साली हा येईल, तेव्हा आपण असू का? तिच्या आईनं एका शेवटच्या रोज्याला असंच विचारलं होतं, आणि पुढच्या साली ती नव्हती.

दर वर्षी खुर्शीदबी या दुपारी थोडी रडायची. या वर्षी तिनं रडू येतं का बघितलं, तर आलं नाही. मन दुसरीकडंच धावत होतं. उद्या काय काय बोलता येईल याची ते उजळणी करत होतं. छबूला हे, मुदस्सरच्या अब्बाला ते, भाजीवाल्याला पहिल्या झटक्याला अमुक. खोबऱ्यावरची सुरी थांबली. तिला स्वतःची लाज वाटली. पाहुणा अजून दारात आहे आणि आपण त्याची चादर धुवायला काढली! असला कसला हा रोजा? अल्लानं विचारलं, खुर्शीद, कुणासाठी ठेवला होतास, तर काय सांगायचं? मौलासाबची जिरवायला?

संध्याकाळी छबुबाईच्या पुरणपोळीवर रोजा सुटला आणि सगळे गच्चीवर गेले. पलीकडच्या गच्चीवर छबुबाई आणि तिचा नवरा मोहनराव वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं उभे होते. पश्चिमेला डोंगराच्या कडेवर आभाळ तांबूस होतं.

"ते बघा! बाभळीच्या वर!" निखतनं बोट दाखवलं. नखाच्या कातरणासारखी बारीक कोर. खाली रस्त्यावर फटाके वाजले, मशिदीच्या भोंग्यावरून ऐलान झाला, पोरं ओरडत धावली. "चाँद मुबारक!" मौलासाब म्हणाला. मोहनरावानं पलीकडून हात वर केला.

निखतनं सासूला सलाम केला. खुर्शीदबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर पोरगी हुंदके द्यायला लागली.

"काय झालं गं? माहेरची याद आली?"

निखतनं मान हलवली. "अम्मी, मेरेसे क्या गलती हुई? बताओ ना."

"कसली गलती?"

"महिनाभर तुमी माझ्याशी धड बोलल्या न्हाईत. मीठ जास्त पडलं, अल्लाचा शुक्र. कमी पडलं, अल्लाचा शुक्र. एक दिवस मी डाळीत मीठच न्हाई टाकलं, मुद्दाम. वाटलं, आज तरी बोलतील. तुमी पूर्ण वाटी खाल्ली."

खुर्शीदबीला ती डाळ आठवली. त्या दिवशी तिला आपल्या सब्राचा केवढा अभिमान वाटला होता!

"आधी तुमी बोलायच्या, तर मला वाटायचं, मी घरातली हाय," निखत डोळे पुसत म्हणाली. "आता वाटतं, पाहुणी हाय. परक्या माणसालाच तर कुणी नावं ठेवत न्हाई." मग तिचा आवाज आणखी बारीक झाला. "मी अम्मीला फोन करून सांगितलं. उद्या अब्बा आन् मामू येणार हायत. तुमची माफी मागायला."

मौलासाबला खोकल्याची मोठी उबळ आली. तो खोकत खोकत जिना उतरून गेला. खाली जाऊन तो हसत होता, हे गच्चीवर स्वच्छ ऐकू येत होतं.

खुर्शीदबीनं सुनेला पोटाशी धरलं. समजावून सांगितलं, की हा रोजा होता, राग नव्हता. निखत "हौ अम्मी, हौ अम्मी" म्हणाली, पण तिला ते खरं वाटलं नाही. एवढी जिभेची बाई महिनाभर केवळ शब्दाखातर गप्प राहील, हे कुणाला खरं वाटावं?

दुसऱ्या दिवशी ईदगाहची नमाज होऊन पुरुष घरी आले, गळाभेटी झाल्या, आणि थोड्याच वेळात गेवराईची जीप दारात थांबली. निखतचे वडील कुतबुद्दीन आणि तिचे मामू. कडक इस्त्रीचे कुडते, अत्तराचा दरवळ, आणि चेहरे मात्र मयतीला आल्यासारखे. मौलासाबनं दुकानातली सगळ्यात मऊ गादी घातली, त्यावर दोघे बांबूसारखे ताठ बसले. शीरखुर्म्याला हात लावेनात.

कुतबुद्दीननं घसा साफ केला. "समधन, बच्ची नादान है. आईच्या लाडानं थोडी बिघडलेली हाय. काही चुकलं असंल तर माझ्याकडं बघून—"

"चुकलं न्हाई हो काही!" खुर्शीदबी म्हणाली. "मी जिभेचा रोजा ठेवलता. कुणालाच काही बोलले न्हाई."

समधी आणि मामूनं एकमेकांकडं बघितलं. मामू अदबीनं म्हणाले, "समधन, आमी इज्जत करतो तुमची. पण सोयरीक जमवायच्या वेळी आमी चौकशी केलती. माजलगावच्या नाक्यावर भेटलेला माणूसबी तुमचं नाव निघाल्यावर हसलता. तुमी, महिनाभर गप?"

"विचारा की ह्यांना!"

ह्यांनी तोंडात शीरखुर्म्याचा भलामोठा घास घेतला आणि हातानंच दाखवलं, की बोलता येत नाही. खुर्शीदबीनं त्या घासाची नोंद घेतली.

तेवढ्यात छबुबाई आणि मोहनराव ईद मिळायला आले. छबुबाई दारातूनच सगळं ऐकत होती, हे वेगळं सांगायला नको. "खरं हाय भाऊ," ती पाहुण्यांसमोर फतकल मारून बसली. "मी साक्षीला हाय. मी हिच्या दारात पाणी सोडलं, मुद्दाम सोडलं, तरी भांडली न्हाई. आमाला वाटलं, बाई आता जाती. ह्यांना म्हणलं, ईदीपर्यंत टिकली तर नशीब."

"म्हणलती," मोहनरावानं दुजोरा दिला.

पाहुण्यांना अजूनही काय धरावं, काय सोडावं कळेना. कुतबुद्दीननं डोकं खाली घातलं आणि कानामागं खाजवलं. त्यानं ईदसाठी दाढी मेंदीनं रंगवली होती, आणि घाईत रंगवली होती. डाव्या कानाची पाळी लालभडक झालेली. खुर्शीदबीची नजर तिथं गेली. तिनं नजर वळवली. ती परत तिथंच आली.

"समधी," तिच्या तोंडून सुटलं, "दाढी तुमीच रंगवली का गाड्या रंगवणाऱ्याकडं टाकलती? कानबी सोडला न्हाई त्यानं."

मामूच्या भुवया वर गेल्या. कुतबुद्दीननं कान चाचपला, बोट डोळ्यासमोर धरलं. आणि आतल्या दारात, पडद्यामागं, निखत खुदकन हसली. हसू दाबता येईना तेव्हा ती तिथंच खाली बसली. तिचं बघून तिचा बाप हसायला लागला, मग मामू, आणि मग घास घशात अडकून मौलासाब.

"हौ," मामू डोळे पुसत म्हणाले. "आता पटलं. ह्याच त्या."

त्यानंतर शीरखुर्म्याच्या पातेल्याचा तळ दिसला.

दुपारी पाहुणे गेले, पुरुष दुकानात जाऊन लवंडले. खुर्शीदबीनं दिवसाउजेडी चहा केला. पहिला घोट घेताना हात थबकला, जणू चोरी करतेय. मग तिला आपल्या साठवलेल्या टोमण्यांची आठवण झाली. आता मोकळीक होती. तिनं एकेक बाहेर काढून बघितलं, तर बहुतेकांना बुरशी आलेली. भाजीवाल्याचा शिळा झाला होता, भाजीवाल्याची भेंडीही आता कोवळी येत होती. मोज्याच्या भोकाचा आठवला आणि तिलाच कसंतरी झालं. त्या बाईचा नवरा आजारी होता, नवे मोजे आणायला तिला सवड कुठली? तो तिनं टाकून दिला. दोनतीन अजून खणखणीत होते. ते ठेवले. मौलासाबच्या घासाबद्दलचा तर ताजाच होता.

निखत समोर येऊन बसली. चहात पाव बुडवत म्हणाली, "अम्मी, आता खरं सांगा. भजी कशी होती?"

"पहिल्या दिवशीची? आतून कच्ची. पीठ माझ्या टाळूला असं चिकटलं, की रातच्या नमाजेपर्यंत निघालं न्हाई."

निखत हसली. "आन् नंतरची?"

खुर्शीदबीनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नंतरची भजी चांगली होती. कुरकुरीत, ओव्याची, तिच्या स्वतःच्या भज्यांपेक्षा काकणभर सरसच. पण हे सांगायचं कसं? टोचायला शब्द हाक मारायच्या आत हजर व्हायचे, गोड बोलायला एकही दारात उभा नव्हता. तिच्या ध्यानात आलं, की आपण महिनाभर जिभेला उपाशी तेवढं ठेवलं, दुसरं काही शिकवलं नाही. वाईट बोलायचं थांबवून नुसतं मुकं बसलो, आणि पोरीला वाटलं, घराचं दार लागलं.

तिनं कप खाली ठेवला. पदर नीट केला. पोरगी वाट बघत होती.

"शेवटच्या जुम्म्याची," खुर्शीदबी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "त्यातली दोन मी जास्तीची खाल्ली."

निखतचे डोळे मोठे झाले. पाव चहातच सोडून ती उठली आणि ओढणी सावरत धाडधाड जिना उतरली. खाली मशीनजवळून तिचा आवाज आला, "सुना क्या? अम्मीनं माझ्या भज्यांना चांगलं म्हणलं!"

"चांगलं न्हाई म्हणले!" खुर्शीदबी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडली. "दोन जास्तीची खाल्ली म्हणले!"